जागल

ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी मोटारसायकल उघडी करावी लागते. आधी आरसे निघतात, मग इंडिकेटर, मग नंबर प्लेट. हेडलाइट आणि टेललाइटच्या काचेवर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारतात, म्हणजे गाडी पडली तर काचेचा चुरा रस्त्यावर पसरत नाही आणि मागून येणाऱ्याचं चाक त्यावर जात नाही. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरतात, कारण कूलंट सांडलं तर डांबर तेलकट होतं आणि पुसूनही लवकर निघत नाही. साइड स्टँड काढतात, नाहीतर वायरनं वर बांधून टाकतात. संध्याकाळपर्यंत गाडी इतकी हलकी आणि अनोळखी होते की रोज तिच्यावर बसणाऱ्यालाही क्षणभर ती आपली वाटत नाही.

मी सगळ्यात शेवटी ऑइल ड्रेन बोल्टला वायर बांधतो. काही ठिकाणी हे सक्तीचं असतं, काही ठिकाणी नसतं, मी बांधतोच. बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडलेलं असतं. त्यातून स्टीलची तार ओवायची, दोन्ही टोकं पक्कडीत धरून पीळ द्यायचा आणि पिळलेली तार इंजिनच्या कशाला तरी अशी ताणून बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला परत आवळण्याच्या दिशेनं ओढेल. पीळ कमी झाला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तिथंच तुटते. बोटांना कळतं कुठं थांबायचं ते. मांडी घालून, गाडीखाली मान वाकडी करून हे काम करताना अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात उद्याची भीती कुठेतरी मागे सरकते.

असं सगळं झालं की गाडी रात्रभर कुठं ठेवायची, हा प्रश्न उरतो. नंबर प्लेट नाही, आरसे नाहीत, दिव्यांवर पट्ट्या. चोरलेली गाडी विकण्याआधी जशी करतात, तशी आपणच आपल्या हातानं करून ठेवलेली असते. तिची ओळख म्हणजे फक्त हँडलच्या मानेवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर, आणि ते वाचायला रात्री कोण बॅटरी घेऊन येतं?

2013 च्या फेब्रुवारीत यवतमाळात माझी गाडी अशीच गेली. यामाहाची आर-15. ही गाडी 2008 साली आपल्याकडे आली तेव्हा आमच्यासारख्या गावाकडच्या पोरांसाठी मोठीच गोष्ट झाली होती. दीडशे सीसीचं इंजिन, पण पाण्यानं थंड होणारं, सहा गिअर, पुढे झुकून बसायची ठेवण. मोठ्या गाड्यांचे पैसे कुणाकडे होते! ह्या गाडीवर पहिल्यांदा वाटलं की ट्रॅक आपलाही असू शकतो. दोन वर्षं पैसे साठवून ती घेतली, आणखी दोन वर्षं लेदर सूट आणि हेल्मेटसाठी साठवले, आणि शेवटी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जागा मिळाली. सकाळी पाचला पिकअप येणार होती. रात्री अकरापर्यंत मी गाडी तयार केली. भाड्याच्या खोलीसमोर, भिंतीला लावून उभी केली. हँडल लॉक केलं, पुढच्या डिस्कला कुलूप घातलं, मागच्या चाकातून साखळी काढून खिडकीच्या गजाला अडकवली. तीन कुलपं. उद्या लांबचा प्रवास म्हणून लवकर झोपलो, आणि गाढ झोपलो.

पहाटे साडेचारला दार उघडलं तेव्हा खिडकीच्या गजाला साखळीचे दोन तुकडे लोंबत होते. डिस्कचं कुलूप जमिनीवर पडलेलं. हँडल लॉकचं तर काय, आतली पिन बोटाएवढीही नसते. पाय देऊन जोरात हिसका मारला की तुटते, हे मला नंतर एका मेस्त्रीनं करून दाखवलं. ठाण्यात गेलो. तिथल्या माणसानं गाडीचा नंबर विचारला. मी सांगितला आणि सांगता सांगताच लक्षात आलं की ज्या प्लेटवर तो नंबर लिहिलेला आहे, ती माझ्या खोलीत, खाटेखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. शेजारी दोन आरसे, चार इंडिकेटर आणि एका पिशवीत मोजून ठेवलेले त्यांचे नटबोल्ट. गाडी गेली आणि तिचं नाव घरी राहिलं. ते खोकं मी अजून टाकलेलं नाही.

गावी फोन केला तेव्हा बाबांनी एकच विचारलं. "तू कुठी झोपला होता?"

"आत."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. त्यांनी मला बोल लावला नाही, कधीच लावला नाही. पण त्या शांततेत मला आबाजी, माझे आजोबा, दिसले.

आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूला, केळापूर तालुक्यात. आबाजींकडे पटाची जोडी होती. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिला आमच्या विदर्भात शंकरपट म्हणतात, नुसतं पट म्हटलं तरी कळतं. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, धुरकऱ्यानं हाकायचं, आणि जोडी सुटल्यापासून शेवटच्या खुणेपर्यंतचे सेकंद मोजायचे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर सगळ्यांत नावाजलेला. संक्रांतीच्या सुमारास तिकडे आमच्या भागातून बैल घेऊन माणसं वारीला जावं तशी जात. आबाजींची जोडी गवळाऊ जातीची होती. वर्धेकडची ही जात, पांढरी, सडपातळ, लांब पायांची, चालीची चपळ. मराठ्यांच्या फौजेत सामानाच्या गाड्या ओढायला हेच बैल असत असं जुनी माणसं सांगत. त्यातला एक राजा आणि एक सर्जा. आमच्याकडे दर दुसऱ्या कोठ्यात ही दोन नावं सापडतील, पण मला ते दोनच राजा-सर्जा माहीत होते.

मी नऊ वर्षांचा असताना आबाजींबरोबर एका पटाला गेलो. मेटॅडोरमध्ये बैल, बैलांपाशी आबाजी आणि काकाजी, कुटाराच्या पोत्यांवर मी. दुपारीच पोचलो. पटाच्या मैदानाच्या कडेला, बाभळीखाली मुक्काम. जानेवारीचा महिना, ओल्या मातीचा आणि पऱ्हाटीच्या धुराचा वास. अंधार पडल्यावर ठिकठिकाणी शेकोट्या पेटल्या आणि प्रत्येक शेकोटीजवळ एकेक जोडी. आबाजींनी बैलांना कमीच कुटार टाकलं, वर थोडी ढेप भिजवून. "पोट भरल्या बैलाची धाव पोटातच राह्यते," ते म्हणाले. मग त्यांनी दोघांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या, शिंगांवरचे गोंडे काढले, झूल घडी करून माझ्या उशाशी ठेवली. उद्या पळायचं तर अंगावर कशाचाही भार नको.

घुंगरमाळ काढल्यावर जी शांतता झाली, ती मला अजून ऐकू येते. घरी रात्रभर कोठ्यातून तो आवाज येत असे. बैलानं मान हलवली की वाजायचं, माशी उडवली की वाजायचं. झोपेतही घरातल्या प्रत्येकाला कळायचं की बैल जागेवर आहेत. इथं, परक्या गावात, ज्या रात्री त्यांच्यावर सगळ्यांत जास्त नजरा होत्या, त्याच रात्री ते मुके झाले होते. अंधारात कुणी दावं सोडून नेलं असतं तरी आवाज झाला नसता. आणि नेलं नाही तरी कुणी काही खाऊ घातलं तर? एकमेकांच्या जोडीवर जळणारी माणसं पटात असतच. काकाजींनी दोघांच्या पायात काळा दोरा बांधला होता तो नजरेसाठी. माणसांसाठी आबाजी होते.

त्यांनी बाज बैलांच्या अगदी मध्ये ओढली. दोन्ही दाव्यांना एकेक सुती दोर जोडला, आणि दोन्ही दोरांची टोकं आपल्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. एका झटक्यात सुटेल अशी गाठ, पण दोर हलला की कळणार. मी घोंगडीत शिरून विचारलं, "आबाजी, साखळी हाये ना आपल्याजवळ. कुलूप कावून नाही लावत?"

"कुलूप लावलं तं मले झोप लागन ना, बाप्पा."

एवढंच बोलून त्यांनी बिडी पेटवली. मला वाटलं ते चोरासाठी जागे आहेत. रात्री मला दोनतीनदा जाग आली तेव्हा मात्र ते रस्त्याकडे बघत नव्हते. ते ऐकत होते. राजा बसला होता आणि रवंथ करत होता. घशातून गोळा वर यायचा, गळ्याच्या कातडीखालून सरकताना दिसायचा, मग जबडा आडवा फिरायचा, तो ओला, सावकाश, घरघरता आवाज. सर्जा उभाच होता. आबाजी त्याच्याकडे कान लावून होते. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी सर्जानं पुढचे गुडघे टेकले, धप्पकन मागचं अंग खाली घातलं, मोठा श्वास सोडला, आणि थोड्या वेळानं त्याचंही चालू झालं. तेव्हा आबाजी बाजेवर पाठ टेकून आडवे झाले. डोळे उघडेच. बैल रात्री बसला नाही, त्यानं रवंथ केलं नाही, तर तो सकाळी पळणार नाही, आणि तसा बैल जुंपायचा नाही. पटाची वर्गणी गेली तरी चालेल. हे मला पुढे काकाजींनी सांगितलं.

पहाटे दव पडलं होतं. आबाजींनी दोर सोडला, उठले, आणि आधी बैलांच्या नाकपुड्यांवर तळहात फिरवला. निरोगी बैलाचं नाक ओलं असतं, थेंबाथेंबांनी भरलेलं. ताप असला, पोट बिघडलं असलं की ते कोरडं पडतं. त्यांनी तळहात धोतराला न पुसता माझ्या गालाला लावला. थंडगार. "ओलं हाये. चाल."

त्या दिवशी आमची जोडी कितवी आली ते मला आठवत नाही. विचारलं तर काकाजी सेकंदासकट सांगतील. माझ्याजवळ ती रात्र आहे.

ह्या रात्रीच्या जागण्याला आमच्याकडे जागल म्हणतात. जागल करणं, जागलीला जाणं. शब्द खरा शेतातला. ज्वारी हुरड्याला आली, हरभरा घाट्यावर आला, की रानडुकरांचे कळप रात्रीतून एकर-एकर वावर उकरून टाकतात, रोही उभं पीक तुडवत जातात. मग वावरात मचाण बांधायचं, त्यावर घोंगडी घेऊन बसायचं, दर थोड्या वेळानं आरोळी द्यायची, डबा वाजवायचा. बाजूच्या वावरातून दुसऱ्या जागल्याची आरोळी येते, तिच्यापलीकडून तिसऱ्याची. काळोखात माणसं एकमेकांना न दिसता गाव राखतात. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळायला लागली तेव्हा जागलीत ओलिताची भर पडली. मी शिकायला यवतमाळला गेलो तरी सुट्टीत माझी पाळी ठरलेली असे.

टिपेश्वरचं अभयारण्य आमच्या उशाशी. 2016 ते 2018 ह्या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात एका वाघिणीनं असं काही भय पसरवलं की जागलच बंद पडली. वनखात्याच्या कागदावर ती टी-1, बाकी जगासाठी अवनी. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली, आणि तिची बाजू घेणारे नि गावकरी यांच्यात मोठा वाद पेटला. मला दोन्हीकडचं दुःख खरं वाटतं. पण त्या दोन वर्षांत संध्याकाळी पाचनंतर वावरं ओस पडायची, आणि सकाळी उकरलेला हरभरा बघताना माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते फक्त नुकसानीचं नव्हतं. राखायला जाता येत नाही, ही गोष्ट माणसाला आतून मोडते.

बाबांची जागल वेगळी. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारलाच द्यायचा, आणि त्यासाठी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागायची. बाबा तरुणपणी त्या रांगेत तीन-तीन रात्री काढत. बंडीखाली पोत्यावर झोपायचं, वर वर्षाची कमाई. पाऊस आला तर, ठिणगी पडली तर, मागून कुणी गाठोडं ओढलं तर. रांग पुढे सरकली की झोपेतून उठून बैल जुंपायचे, दोन बंड्यांएवढं पुढे जायचं, पुन्हा सोडायचे. ते सांगतात, तिसऱ्या रात्री बैल आपोआप उठून उभे राहत, रांग हलायच्या आधी.

माझी गाडी चोरीला गेली आणि पुढल्याच वर्षी पट बंद झाले. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लीकट्टूच्या खटल्यात निकाल दिला आणि त्याच निकालानं महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही थांबल्या. मी हा निकाल पूर्ण चूक मानत नाही. पटात काय चालतं ते मी पाहिलेलं आहे. टोकदार खिळा लावलेली तुतारी, पिरगाळून मोडलेल्या शेपट्या, आणखीही काही, जे लिहवत नाही. ज्या मैदानाच्या कडेला आबाजी सर्जाच्या रवंथासाठी जागत होते, त्याच मैदानात दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचा बैल मागच्या पायांवरून रक्त ओघळत पळाला होता. दोन्ही खरं आहे. न्यायालयाला रात्रीची बाभळ दिसणार नव्हती, ती कागदावर येत नाही. पण तुतारी बंद व्हायलाच हवी होती.

राजा-सर्जा तोवर राहिले नव्हते, त्यांच्या जागी आलेली शेवटची जोडी 2015 च्या बाजारात गेली. नुसतं पळणारं जनावर पोसायला परवडत नाही. बाजाराच्या आदल्या रात्री आबाजी कोठ्यात झोपले. घुंगरमाळ त्यांनी काढली नव्हती. दोन वर्षांनी ते गेले. राज्याचा कायदा बदलला, पुन्हा अडला, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं जल्लीकट्टू आणि शर्यती ह्या दोन्हींचे कायदे कायम केले. आमच्या गावात त्या दिवशी फटाके वाजले. आमचा कोठा रिकामा होता. तिथं माझी दुसरी आर-15 उभी असे.

ही दुसरी गाडी 2018 सालची. ट्रॅकचं नाव मी दहा वर्षं काढलं नव्हतं. मग आमच्याच भागातली दोन पोरं 44 नंबरच्या महामार्गावर, पाटणबोरीकडे, रात्री गाड्या पळवताना एका पाठोपाठ एक ट्रकखाली गेली. वेग ज्याच्या अंगात आहे त्याला तो नाही म्हणून निघून जात नाही. त्याला जागा लागते, जिथं समोरून ट्रक येत नाही, वळणाच्या बाहेर दगड नसतो, झेंडे घेऊन माणसं उभी असतात आणि पडलात तर रुग्णवाहिका शंभर पावलांवर असते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. पैसे भरायचे, गट पाडतात, वीस-वीस मिनिटं गाडी चालवायची, जाणत्या माणसानं चुका दाखवायच्या. हे मी गावातल्या पोरांना तोंडी सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. आधी स्वतः जाऊन यायला हवं होतं.

2024 च्या फेब्रुवारीत निघालो. बाबा म्हणाले, मी येतो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात. मी नको म्हटलं. त्यांनी घोंगडी घडी करून पिकअपमध्ये आधीच टाकलेली होती.

पांढरकवड्याहून पिंपळखुटीचा नाका, मग पैनगंगा, की महाराष्ट्र संपला. आदिलाबाद, हैदराबाद, तिथून विजयवाडा, मग समुद्राच्या अंगानं नेल्लोरवरून खाली. हजार किलोमीटरच्या वर रस्ता. मागे गाडी चार पट्ट्यांनी ताणून बांधलेली, पुढचे शॉकअप अर्धे दाबलेले, चाकाला ठोकळे, वर ताडपत्री. बाबा दर थांब्याला उतरून पट्ट्या हातानं ओढून बघत, जनावराच्या पोटाखालचा पट्टा बघतात तसे, दोन बोटं आत घालून.

इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं 1990 मध्ये उभा केला. पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबी, बारा वळणं. त्याआधी क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या, जिथं युद्धकाळात विमानं उतरत. संध्याकाळी बाहेरूनच फाटक बघून आलो. मुक्काम श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला एका लॉजमध्ये. पिकअप अंगणात. दिव्याचा खांब होता, भिंत होती, कॅमेराही होता. मी आरसे काढले, प्लेट काढली, वायर बांधली. बाबा स्टुलावर बसून बघत होते. प्लेट मी खोक्यात टाकायला गेलो तर त्यांनी हात पुढे केला आणि ती आपल्या सदऱ्याच्या आत, पोटाशी सरकवली.

"तू झोप. तुले उद्या चालवाची हाये."

"बाबा, कुलूप आहे. दोन आहेत. ट्रॅकरही बसवलाय, गाडी हलली तर मोबाइल वाजते."

"वाजू दे ना."

ते पिकअपच्या मागच्या भागात चढले. ताडपत्री एका बाजूनं सारून गाडीशेजारी घोंगडी अंथरली. मी खिडकीतून बघत होतो; झोप कुठली येणार. त्यांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. एक टोक पुढच्या चाकाच्या आरीला बांधलं, दुसरं पायाच्या अंगठ्याला. आबाजींना तसं करताना त्यांनी किती वेळा पाहिलं असेल! मला कधी बोलले नाहीत.

रात्री साडेबाराच्या सुमारास लॉजचा राखणदार अंगणात आला. त्यांच्याच वयाचा, लुंगी, डोक्याला टॉवेल. त्याला मराठी येत नव्हती, हिंदीही नाही, बाबांना तामिळचा एक शब्द माहीत नाही. तो आधी सुतळीकडे बघत राहिला. चाकापासून अंगठ्यापर्यंत त्याची नजर गेली, पुन्हा चाकाकडे आली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. त्यानं दोन्ही हात समोर धरले, पंजे वाकवून, जणू त्यात काहीतरी गोल, जड, हलणारं धरलं आहे, आणि छातीशी ओढले. बाबा चटकन उठून बसले. ते वशिंड होतं. जल्लीकट्टूत बैलाच्या वशिंडाला मिठी मारतात. बाबांनी दोन हातांत कासरे धरल्यासारखे केले, मान पुढे काढली आणि तोंडानं तो आवाज काढला, जिभेनं टाळूवर मारायचा, बैल सुटताना धुरकरी काढतो तो. अंगणात मध्यरात्री. राखणदारानं खाली बसून पिकअपच्या लाकडी फळीवर हात ठेवला.

पुढचे दोन-तीन तास ती दोघं बोलत होती. कोणत्या भाषेत, ते सांगता येणार नाही. बिडी इकडून तिकडे गेली. राखणदार बोटांनी वर्षं मोजत होता, मग त्यानं दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून बंदी दाखवली, आणि बाबांनी मान हलवून आपलीही मनगटं तशीच धरली. एकाच निकालानं ह्या दोन म्हाताऱ्यांचे बैल एकाच दिवशी थांबले होते, हजार किलोमीटरचं अंतर ठेवून. मग राखणदारानं मनगटं सोडवली आणि बोटानं दोन दाखवले. घरी आता दोन बैल आहेत, असं असावं. बाबांनी एक बोट दाखवलं आणि त्या बोटानं गाडीच्या टाकीवर टकटक केलं.

मला कधी झोप लागली कळलं नाही. पाचला अंगणात उतरलो तेव्हा खांबाचा दिवा पिवळट झाला होता आणि समुद्राकडून दमट वारा येत होता. राखणदार फाटकापाशी खुर्चीत, तोंड रस्त्याकडे. बाबा जागे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. अंगठ्यावर सुतळीचा लाल वळ उमटला होता. मी टायरमधली हवा तपासायला वर चढलो, टायर थंड असतानाच ती बघावी लागते. पुढच्यातली थोडी सोडली, मागच्यातली थोडी.

बाबांनी सुतळीची गाठ एका झटक्यात सोडली आणि उठले. रात्रभर ताडपत्री सारलेली होती, त्यामुळे टाकीवर, हँडलवर, सीटवर दव जमलं होतं, बारीक थेंबाथेंबांनी. त्यांनी टाकीवरून तळहात फिरवला, मागून पुढे, सावकाश. सदऱ्यातून नंबर प्लेट काढून माझ्या हातात दिली. ती गरम होती. मग तोच ओला हात माझ्या गालाला लावला.

"ओली हाये," ते म्हणाले. "चाल."